बर्डीवरचं कॅमेऱ्याचं दुकान: सेवेला पाच तारे, कॅमेऱ्याला तीन

नागपूरच्या महाल भागात आईचं घर जुनं, भिंती जाड, मधे अंगण. दुपारी ती एकटीच असते, म्हणून दारावर वायफाय कॅमेरा लावायचं ठरलं. मी मनीषनगरात राहते. कामाच्या मधे फोनवर दार दिसलं की जिवाला बरं वाटतं. कॅमेरा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घेतला, मेन रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका लहानशा दुकानातून. कॅमेरा ठीकठाक आहे. मला लिहायचं आहे ते दुकानाच्या सेवेबद्दल.

बसवल्यावर तो वायफायला जोडलाच जाईना. लाल दिवा लुकलुकतोय, ॲपमधलं चक्र फिरतंय आणि शेवटी 'टाइमआउट'. पासवर्ड बरोबर, त्याच वायफायवर आईचा टीव्ही झकास चालतो. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनवर दर वेळी एकच उत्तर: रीसेट करा. राउटर कोणता, हे एकानेही विचारलं नाही. याचा मला मनापासून राग आहे.

दुकानातला मुलगा घरी आला. कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी त्याने राउटर उलटा करून खालचं लेबल वाचलं. "काकू, ड्युअल बँड आहे ना हा, म्हणून होऊन राहिलं असं." मग नीट समजावलं. राउटर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, एकाच नावाने दाखवतो. टीव्ही आणि फोन ५ वर बसतात, पण हा कॅमेरा फक्त २.४ ओळखतो. नाव एकच असलं की जोडणीच्या वेळी अनेक कॅमेरे अडकतात.

त्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडून दोन्ही बँडना वेगळी नावं दिली. राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर होती, ती २.४ साठी डब्ल्यूपीए२ केली, कारण बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना नवी पद्धत समजत नाही. माझा फोन २.४ वर आणला, ॲपला लोकेशनची परवानगी दिली. ती नसेल तर अँड्रॉइडवर ॲपला वायफायचं नावच वाचता येत नाही. मग कॅमेऱ्याचं रीसेट बटण आवाज येईपर्यंत दाबून धरलं आणि फोनवरचा क्यूआर कोड त्याच्यासमोर धरला. लगेच जोडला गेला.

खरं कौतुक पुढे आहे. दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन निघाला असता. हा मुलगा मात्र कॅमेरा दाराबाहेर धरून, ॲपमधला सिग्नल बघत उभा राहिला. सिग्नल अगदीच कमी. राउटर आतल्या खोलीत, आणि राउटर अन् दार यांच्या मधल्या खिडकीत आईचा पत्र्याचा कूलर. लोखंडी पत्रा, आत पाण्याची टाकी, ओल्या ताट्या. २.४ ची लहर भिंतीतून निघते, पण अशा भल्यामोठ्या पत्र्यापुढे तिचं फारसं चालत नाही. आईने आधीच बजावलं, "कूलरले हात नको लावू रे बाबू, मे महिन्यात काय करू मी?" त्याने कूलर तिथेच ठेवला, राउटरची वायर वाढवून तो ओसरीतल्या कपाटावर नेला. सिग्नल भरला.

जाता जाता अडॅप्टरही पाहिला. मी बाजारातली लांब, बारीक केबल लावली होती, ती त्याने बदलून जाड दिली. अशा केबलमध्ये व्होल्टेज पडतं, आणि रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो बंद-चालू होत राहतो. कॅमेराही उन्हातून काढून छज्जाखाली बसवला. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि या खोक्यावर कमाल तापमान ४५ च छापलंय.

कॅमेऱ्याचे दोन तारे कापले ते खोक्यासाठी. 'फक्त २.४ गीगाहर्ट्झ' हे मागच्या बाजूला, चष्मा लावूनही जेमतेम दिसेल अशा अक्षरात आहे. पुढे मोठं छापायला काय हरकत होती? चित्र मात्र रात्रीसुद्धा स्वच्छ येतं, गल्लीतल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो.

दुकानात जाताना आपल्या राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो घेऊन जा, तिथेच सांगतात कोणता कॅमेरा चालेल. घरी येण्याचे पैसे वेगळे आहेत, ते फोनवरच ठरवून घ्या.