स्केचबुक घेऊन कुठे बसावं: रामसेससमोर की थाळीफेकपटूसमोर?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पुतळे रेखाटायला बसायचं असेल, तर इजिप्त धरावा की ग्रीस? वेळ भरपूर असेल तर दोन्ही करा. एकाच ठिकाणी मांड ठोकायची असेल, तर माझं मत सांगतो.

शरीर शिकायचं तर ग्रीसला तोड नाही, हे आधी मान्य. डावा पाय पुढे टाकून ताठ उभं राहण्याची ढब ग्रीकांनी इजिप्तकडूनच उचलली असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण इ.स.पू. 600च्या सुमारास त्यांनी पाठीमागचा आधारखांब काढून टाकला, हात आणि कमरेमधला दगड कोरून मोकळा केला. पुढे भार एका पायावर आला, कंबर कलली. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात कित्येक पिढ्यांनी प्लास्टरच्या ग्रीक-रोमन प्रतिकृतींवर हात बसवला, तो उगाच नव्हे. इजिप्तचा पुतळा समोरून नाहीतर थेट बाजूनेच बघावा. मधल्या कोनातून तो अवघडतो.

तरीही ग्रीक दालनातल्या थाळीफेकपटूच्या पुतळ्यावरून माझं मन उडालं. प्राचीन ग्रीक शिल्पकार मायरनचं मूळ ब्राँझ कधीच नाहीसं झालंय; इथली आहे ती संगमरवरी रोमन प्रत. काढायला बसलो, टाचेपासून मांडी, मांडीपासून पाठ असा पीळ पकडत वर गेलो आणि मानेपाशी रेषा तुटली. पुन्हा काढली, पुन्हा तुटली. कारण डोकं प्राचीन असलं तरी दुसऱ्याच पुतळ्याचं आहे, आणि जोडताना त्याचं तोंड खाली केलंय. मूळ रचनेत तो मान मागे वळवून हातातल्या थाळीकडे बघतो. सगळा पीळ जिथे पोचायचा, नेमकी तीच जागा परकी! शिवाय पायाशी झाडाचा बुंधा. ब्राँझला तो लागत नाही, संगमरवराला लागतो. तो काढावा की गाळावा, इथेच हात अडतो.

इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याचा पुतळाही अर्धाच उरलाय. इटालियन शोधक बेल्झोनीने 1816 साली इजिप्तमधल्या थीब्जहून हलवलेला हा सात टनांहून जड ग्रॅनाइट. पण जे उरलंय ते घडवणाऱ्याच्याच हातचं. दगडात दोन रंग आहेत, आणि तांबूस भाग नेमका चेहऱ्याला येईल असा त्याने तो योजलाय. डोळे किंचित खाली कोरलेत, त्यामुळे खाली उभं राहून काढताना तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. ओठांच्या कडेची रेषा काढताना तर मला कागदावरून पेन्सिल उचलावीशी वाटेना.

इटलीत रेज्जो कालाब्रियाला जाणार असाल, तर माझा आक्षेप गळून पडतो: 1972 साली समुद्रात सापडलेले रियाचेचे दोन योद्धे अस्सल ग्रीक ब्राँझ आहेत. लंडनलाच जाणार असाल तर दालन क्रमांक 4, रामसेससमोर. मात्र दार उघडताच जा, जिच्यामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली ती रोझेटा शिळाही तिथेच असल्याने नंतर गर्दी हटत नाही.