लाल दिवा बघत बसलो आणि हब गेलं

२१,५०० रुपये गेले. ते एक वेळ पचवीन. पण आजोबांच्या सायकलचं मागचं हब (चाकाच्या मधोमधचा, आरे जोडलेला भाग), ब्रुक्स कंपनीची कातडी सीट आणि पुढचा डायनॅमोचा दिवा गेला, ते काही पचत नाही. आणि गंमत म्हणजे चोर घरात शिरला नव्हता. मीच सायकल टेम्पोत चढवली, दोरीने नीट बांधली, वर टेम्पोवाल्या पोराला चहाला पन्नास रुपये दिले.

सायकल रॅले कंपनीची, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, सदाशिव पेठेतून रोज तिच्यावरूनच जायचे. अठ्ठावीस इंची चाकं, सळयांचे ब्रेक, मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचं तीन गिअरचं हब. सगळे गिअर हबच्या पोटात, बाहेर दिसतं ते नुसतं एक जाडसर नळकांडं. चालवताना मागून बारीक टिकटिक यायची. त्या आवाजावरून आजी गॅसवर चहाचं आधण ठेवायची, असं बाबा सांगतात. आजोबा गेल्यावर सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर रद्दी साठत गेली.

आता माझं खूळ. केबल नवी नवी आली तेव्हा शेजाऱ्यांकडे जमिनीवर मांडी घालून ‘नाइट रायडर’ बघायचो. १९८२ ते १९८६ या काळातली ती अमेरिकन मालिका आमच्यापर्यंत पोचेस्तोवर जुनी झाली होती, पण आम्हाला त्याचं काय! किट नावाची काळी कुळकुळीत बोलणारी गाडी, म्हणजे १९८२ च्या मॉडेलची पॉन्टिॲक ट्रान्स ॲम, आणि तिच्या नाकावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळणारा लाल दिवा. त्या दिव्यासाठी मी शाळेची वही लाल स्केचपेनने रंगवून ठेवली होती. यंदा पंचेचाळिशी आली. म्हटलं, ट्रान्स ॲम तर आपल्या सात पिढ्यांत येणार नाही, सायकललाच किट करू.

बायको म्हणाली, “मिशा पांढऱ्या झाल्या तुझ्या.” मी ऐकलं नाही.

मोबाइलवर एक जण सापडला. ‘थीम सायकल बनवून मिळेल.’ फोटो एकाहून एक. एक सायकल बॅटमनच्या गाडीसारखी, एक भगवट-नारिंगी, दांड्यावर ‘०१’ लिहिलेली, म्हणजे ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या अमेरिकन मालिकेतली जनरल ली नावाची गाडी. माणसाला विषय कळतो, असं वाटलं. फोटो नीट बघायला हवे होते. जनरल लीवाल्या फोटोत मागे भिंतीवर विजेचा सॉकेट आहे, दोन सपाट खाचा आणि खाली एक भोक. तसला सॉकेट आपल्याकडे असतो का? ते फोटो कुणा अमेरिकन माणसाच्या गॅरेजमधले होते. हे मला कधी दिसलं, तर सगळं आटोपल्यावर.

बोलायला मात्र लाघवी. प्रत्येक वाक्यात दादा. “दादा, पावडर कोटिंग करू, पियानोसारखं काळं. दादा, दिवा अस्सल पळणारा देऊ, आवाजाचा बॉक्सपण बसवू.” १८,००० ठरले, निम्मे आधी. मी लगेच पाठवले.

या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न होता, तो मी आता दिवसातून दहा वेळा आठवतो. त्याने दिव्याबद्दल मला काहीही विचारलं नाही. किती लांब हवा, कुठे बसवायचा, बॅटरीवर की डायनॅमोवर, काही नाही. त्याने विचारलं ते असं: “दादा, मागच्या हबवर काय लिहिलंय ते झूम करून पाठवा ना. आणि सीटच्या मागच्या पत्र्याचा एक फोटो.” मी फडक्याने ग्रीस पुसून, टॉर्च मारून, फोटो पाठवला. ठसा स्वच्छ होता: ‘एडब्ल्यू ५६ ४’. म्हणजे एडब्ल्यू प्रकारचं हब, १९५६ सालच्या एप्रिलमधलं. हबच्या कवचावर साल-महिना कोरलेला असतो हे मला माहीत नव्हतं, त्याला पक्कं माहीत होतं. किट बनवणाऱ्याला हबचं वय कशाला हवं? मला वाटलं, किती बारकाईने काम करतो माणूस!

सायकल गेली. आठवड्याने फोन, “दादा, लाइटचं युनिट बाहेरून मागवलंय, कस्टमला अडकलंय, ३,५०० भरावे लागतील.” भरले. कसलं युनिट आणि कसलं कस्टम! त्या पळत्या दिव्याला हौशी लोक मालिकेचे निर्माते ग्लेन लार्सन यांच्या नावाने लार्सन स्कॅनर म्हणतात. शाळेतली पोरं प्रकल्पाला करतात तो. ५५५ चा एक आयसी (छोटी चिप), ४०१७ चा एक, मूठभर लाल एलईडी, काही डायोड आणि थोडं सोल्डरिंग. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत उभं राहून मागितलं की सगळं सामान एका कागदी पिशवीत मिळतं. मी राहतो तिथून चालत पंधरा मिनिटं.

दीड महिन्याने सायकल आली. संध्याकाळ होती, त्याने ती मुद्दाम अंधार पडता पडता आणली. गेटपाशी उभी केली आणि बटण दाबलं. पुढे हँडलखाली लाल दिवा पळायला लागला. सोसायटीतली पोरं धावत आली, कुणीतरी मोबाइलवर त्या मालिकेची धून लावली. मी पस्तीस वर्षं मागे गेलो आणि उरलेले ९,००० तिथल्या तिथे देऊन टाकले. खाली वाकून एकदाही बघितलं नाही.

सकाळी बघितली. दिवा म्हणजे मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर लावतात ती तयार पट्टी. किटचा दिवा पळताना मागे विझत जाणारं लाल शेपूट सोडतो, तीच तर त्याची ऐट. ही नुसती टकटक उड्या मारत होती. आवाजाच्या बॉक्समधून रिक्षा रिव्हर्स घेताना वाजते तसली धून. मागच्या ब्रेकची सळई जोडलेलीच नव्हती, तारेने बांधून ठेवली होती. मी तशीच पोरीला डबलसीट घेऊन उतारावरून गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर येतो.

तशीच हातात धरून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. काका आता सत्तरीपलीकडे, आजोबांच्या सायकलचं ओव्हरऑइलिंग त्यांनी तरुणपणी केलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि कान लावला.

“टिकटिक कुठाय रे?”

मागे साधं, बिनगिअरचं फ्रीव्हील होतं. हब चकचकीत, नवं, शे-दोनशेचं. गिअरची तार दांड्यावरून येऊन एका स्क्रूला नुसती गुंडाळलेली. सीट रेक्झिनची. काकांनी मग खिशातून ब्लेड काढलं आणि पुढच्या चक्रावर, म्हणजे पायडलच्या मोठ्या दातेरी चक्रावर, खरडायला सुरुवात केली. काळा रंग सालपटासारखा निघाला. खाली गंज, गंजाखाली निकेल, आणि हळूहळू एक लांब चोच, मग मान. रॅलेच्या चक्रात बगळ्याची तीन डोकी कापलेली असतात, ती.

“हे नाही नेलं त्याने,” काका म्हणाले. “क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, काटर पिन जाम झालीय. ठोकून ठोकून दमलेला दिसतोय, हे बघ हातोडीचे वळ. आणि काय रे, पावडर कोटिंग सांगितलं होतं ना? त्याला फ्रेम अख्खी नागडी करून भट्टीत घालतात. क्रँक जागेवर ठेवून कुठली भट्टी? स्प्रेचा डबा मारलाय डबा.”

फोन केला तर आधी “दादा, जुने पार्ट सडलेले होते, भंगारात गेले.” मग “तुम्हीच म्हणालात नवीन टाका.” मग फोन बंद.

तीन आठवड्यांनी एका ओळखीच्याने जुन्या सायकलींच्या विक्रीची एक जाहिरात दाखवली. ‘ओरिजिनल इंग्लिश हब, वर्किंग.’ ठसा ५६ ४. तसा ठसा त्या महिन्यात निघालेल्या प्रत्येक एडब्ल्यू हबवर असणार हे मान्य, पण कवचावर तेलाच्या टोपणाशेजारी जो चरा आहे तो माझ्या फोटोतही आहे. मी गिऱ्हाईक बनून किंमत विचारली. नाव बघून त्याने ब्लॉक केलं. इथे आधी दुसऱ्या कुणाच्या नावाने विचारून पत्ता काढायला हवा होता, मी घाई केली.

चौकीत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, “सायकल तुम्हीच दिली, परतपण आली, मग चोरी कसली?” प्रश्न चूक नव्हता. वकील मित्राने समजावलं की हे चोरीत बसवायला जाऊच नको. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं, फसवणूक ३१८ मध्ये, अर्ज त्याच शब्दांत लिही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करायचा असतो, उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाते. मी दोन महिन्यांनी केला, उपयोग शून्य. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार टाकली आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारीसाठी मित्राने विचारलं, ते भाग मुळात सायकलला होते याचा पुरावा काय? घरात त्या सायकलचा धड एक फोटो नव्हता. आजोबांसोबतचा आहे, पण त्यात चाक कापलं गेलंय. शेवटी पुरावा निघाला तो त्याच्याच चॅटमध्ये: मी टॉर्च मारून काढलेला, ठसा आणि चरा दिसणारा, तारखेसकट. त्याने मागितला नसता तर तोही नसता. त्या चॅटच्या आता तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत. सायकल कुणाकडेही टाकणार असाल, साध्या रंगाला का होईना, तर आधी हब, सीट, दिवा, क्रँक, फ्रेमचा नंबर यांचे जवळून फोटो काढा. काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत द्यायचे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. भंगार म्हणाला तरी.

सायकल सध्या काकांकडे आहे. पुरावा म्हणून रंग तसाच ठेवायचा आहे, त्यामुळे त्यांनी फक्त मागचा ब्रेक जोडून दिला. पैसे विचारले तर हात झटकले.

“पैसे राहू दे. तो दिवा काढून ने आधी. रात्री चुकून चालू राहिला, गल्लीतली कुत्री झोपू देईनात.”