वॉशिंग सेंटरवाल्यांनो, ‘पंप स्पेशल’ तेलवाल्यापासून सावध

हा माणूस अजून फिरतोय, म्हणून लिहितोय. पारोळा, एरंडोल, धरणगाव, अमळनेर या पट्ट्यात ज्यांची गाड्या धुण्याची सेंटर आहेत त्यांनी जरूर वाचा. पांढरी व्हॅन, मागे वीस लिटरचे निळे कॅन, बोलणं अस्सल अहिराणी. “काय भाऊ, कसं काय चाली ऱ्हायनं?” म्हणत उतरतो, चहा घेतो आणि आपण काही विचारायच्या आत पंपाजवळ जाऊन बसतो.

आमचं दोघा भावांचं सेंटर हायवेला लागून आहे. आधी एचटीपी पंप होता, बागेत फवारणीला वापरतात तोच. नंतर ट्रक, ट्रॅक्टर यायला लागले तसा दीडशे बार दाबाचा, तीन प्लंजरचा (पाणी ढकलणारे दांडे) पंप घेतला. एचटीपीत आपल्याकडे सगळेच वीस-चाळीस (20W-40) ग्रेडचं इंजिन ऑइल टाकतात, तेच आम्ही नव्या पंपातही टाकत होतो. त्या व्हॅनवाल्याने पंपावरची तेलाची पातळी दाखवणारी काच पाहिली, बोटाला तेल लावून चोळलं आणि म्हणाला, “हाई इंजिनचं तेल आहे. डिटर्जंटवालं. या पंपाला चालत नाही.”

हे त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं, आणि त्याची सगळी दुकानदारी त्या खरेपणावर चालते. इंजिनात काजळी तयार होते. ती तेलात तरंगत राहावी आणि फिल्टरने पकडावी म्हणून इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट घातलेलं असतं. प्रेशर पंपाच्या क्रँककेसमध्ये (क्रँक फिरते ती तेलाची पेटी) काजळीही नाही आणि फिल्टरही नाही. क्रँक फिरते, तेल उडवते आणि त्या उडणाऱ्या तेलावरच बेअरिंग, कनेक्टिंग रॉड चालतात. इथला खरा शत्रू पाणी. पाणी अडवणाऱ्या पॅकिंगमधून झिरपलेलं, नाहीतर गरम पंप रात्री थंड झाला की आतल्या हवेतून जमलेलं. हायड्रॉलिक तेलात पाणी शिरलं तर ते सुटं होऊन तळाला बसतं, ड्रेन बोल्ट सैल केला की आधी पाणीच बाहेर येतं. डिटर्जंटवालं तेल मात्र पाण्याला धरून ठेवतं, दुधाळ होतं, आणि तसंच बेअरिंगवर फिरत राहतं.

म्हणून बऱ्याच कंपन्या हायड्रॉलिक अडुसष्ट सांगतात, काही डिटर्जंट नसलेलं एसएई ३० सांगतात. आणि काही पंपांच्या पुस्तिकेत चक्क पंधरा-चाळीसही दिलेलं असतं. म्हणजे ‘इंजिनचं तेल कुठल्याच पंपाला चालत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. पंपाची पुस्तिका काय म्हणते तेच खरं. त्याने आमची पुस्तिका मागितलीसुद्धा नाही. दादाने आपणहून काढून दिली तर म्हणाला, “ते परदेशातल्या थंडीसाठी लिहिलेलं असतं भाऊ, खान्देशच्या उन्हाला माझंच तेल लागतं.” आता त्या ६८ आकड्याचा अर्थ असा, की ४० अंशाला तेलाची घनता नव्हे, जाडी म्हणजे व्हिस्कॉसिटी साधारण ६८ सेंटीस्टोक असते. चाळीस अंश ही काही परदेशातली थंडी नव्हे. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी सावलीत असतं ते तापमान.

कॅनवर इंग्रजीत ‘पंप स्पेशल’ आणि एका गिअरचं चित्र. बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही, ग्रेड नाही. २०११च्या पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे यातलं नाव, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असलीच पाहिजे. भाव मात्र बाजारातल्या नावाजलेल्या अडुसष्टच्या दुप्पट. बिल मागितलं तर “पुढच्या फेरीला आणतो.”

तेल त्याने स्वतः बदलून दिलं, फुकट. पंपाखाली थेंब-थेंब पाणी पडायचं, तेही “जाता जाता बंद करतो” म्हणाला आणि खरंच बंद केलं. आम्ही खूश.

नंतर मे महिन्यात काचेत तेलाची पातळी वाढायला लागली. कमी होणं समजू शकतो, पण कोणी थेंबही न घालता लाल टिपक्याच्या वर? मग रंग बदलला, पांढरट झाला, आणि पंपाचा आवाज खडखडीत. फोन केला तसा तो दुसऱ्याच दिवशी हजर. झाकण उघडून आत टॉर्च मारली आणि मान हलवली. “तुम्हना पंप गया भाऊ. क्रँक खलास, बॉडीले चीर पडेल शे.” लगेच इटालियन पंपाचा भाव सांगितला, अठ्ठावीस हजार. जुना तो भंगारात घेणार होता, तीन हजाराला, “आपला माणूस म्हणून.”

दादाला तीन हजार हा आकडा खटकला. बॉडीला चीर पडलेल्या, क्रँक गेलेल्या पंपाचे कोणी तीन हजार कशाला देईल? त्याने पंप उचलला आणि जळगावला एमआयडीसीत आमचे जुने फिटर आहेत, त्या नानांकडे टाकला.

नानांनी पंप उलटा केला आणि आधी खालच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. राखाडी एम-सीलची गोळी निघाली. पाण्याचं पॅकिंग आणि तेलाचं सील यांच्यामध्ये खाली एक छोटं भोक ठेवलेलं असतं. पॅकिंग झिजलं की पाणी तिथून बाहेर टपकतं आणि मालकाला कळतं, आता पॅकिंग बदला. ते भोक बुजवलं की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही, मग ते प्लंजरबरोबर तेलाच्या सीलमधून क्रँककेसमध्ये शिरतं. आमची वाढलेली पातळी म्हणजे ते पाणी होतं. गोळीवर अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट होता.

क्रँक शाबूत. रॉड शाबूत. चीर कुठेच नाही. एका बेअरिंगवर गंजाचा पट्टा आला होता, ते बदललं; पॅकिंग आणि सील बदलले. सगळं मिळून नव्या पंपाच्या चौथ्या हिश्शालाही पोचलं नाही.

मग नानांनी कॅनमधलं उरलेलं तेल तपासलं. दोन काचेच्या बाटल्या, एकीत हे तेल, दुसरीत दुकानातलं नवं अडुसष्ट, दोन्हींत तेवढंच पाणी, झाकण लावून जोरात हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. चहा येऊन पिऊन होईपर्यंत अडुसष्टच्या बाटलीत पाणी खाली, तेल वर, मधे रेघ आखल्यासारखी. निळ्या कॅनच्या बाटलीत संध्याकाळपर्यंत पातळ लस्सी. नंतर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकला तर तडतडला, म्हणजे न वापरलेल्या तेलातच पाणी होतं. (हे करून पाहायचं असेल तर एकच थेंब, आणि डोळ्यांवर चष्मा.) वास जळका, आंबूस. नानांचं मत पडलं की गॅरेजचं जुनं काळं तेल ॲसिड आणि मातीने धुऊन, रंग टाकून भरलेलं आहे. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं, परवानगी असलेल्या कारखान्यालाच ते शुद्ध करता येतं, पण चोरून चालणाऱ्या भट्ट्या कोणाला माहीत नाहीत?

म्हणजे आधी आम्हाला पटेल अशी खरी गोष्ट सांगितली, त्या आडून खोटं तेल विकलं, भोक बुजवून पंप आजारी पाडला आणि मग तोच पंप मातीमोल भावात न्यायला आला. माझ्या मते तेल हा त्याचा धंदाच नाही. त्याला पंप हवे असतात.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या पुढच्या फाट्यावरच्या एकाने आपला ‘मेलेला’ पंप त्याला देऊन टाकला होता. पुढे चोपड्याकडच्या एका सेंटरवर त्याला तोच पंप दिसला, हिरवा रंग मारलेला, ‘रिकंडिशन’ म्हणून घेतलेला. खालच्या प्लेटला त्याने स्वतः मारून घेतलेलं वाकडं वेल्डिंग होतं, त्यावरून ओळखला.

आता आम्ही सर्वो सिस्टम ६८ हे हायड्रॉलिक तेल दुकानातून पक्क्या बिलावर घेतो. नव्या पंपाचं पहिलं तेल पन्नास तासांनी, नंतर पाचशे तासांनी किंवा तीन महिन्यांनी, जे आधी येईल ते. बहुतेक कंपन्यांचा हाच हिशेब असतो. काचेच्या मध्यावर पातळी, वर भरलं तर फेस होतो आणि तेल तापतं. “जाड टाका, टिकतं” म्हणून कोणी गिअरचं ईपी नव्वद सुचवलं तर नको म्हणा, त्यातलं गंधक पितळ-ब्राँझच्या भागांना खातं. आणि पोरांना सांगून ठेवा, संध्याकाळी धुताना पंपावर फवारा मारायचा नाही.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. “तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही” असं आम्हाला एका जाणकाराने सांगून पाहिलं. पण स्वतः राबून त्यावर पोट भरणाऱ्याने घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आमची अडचण बिलाची. बिल नाही, नाव खोटं, नंबर बंद. एम-सीलची गोळी, कॅनमधलं लिटरभर तेल आणि नानांचं दुरुस्तीचं बिल एवढंच हातात आहे, ते घेऊन वकिलाकडे जाऊन आलो.

तुमच्याकडे ती व्हॅन आली तर चहा पाजा, पण आधी मागच्या नंबर प्लेटचा फोटो काढून घ्या. आमच्याकडे तोच नाही. आणि ज्यांनी आधीच तेल बदलून घेतलंय त्यांनी आजच पंपाखाली हात घालून ते भोक उघडं आहे का बघा.