रेसचं हँडिकॅपिंग सॉफ्टवेअर: मोसमभर वापरल्यावर

सुरुवातीलाच सांगून टाकते. घोड्यांच्या रेसचे जुने आकडे मांडून कोणत्या घोड्याला जिंकण्याची किती संधी ते काढणारं (यालाच हँडिकॅपिंग म्हणतात) हे सॉफ्टवेअर विनर सांगतं असं समजून विकत घेणार असाल तर पैसे वाचवा. त्याच्या यादीत पहिल्या नंबरावर येणारा घोडा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्यावर सगळ्या पंटरांनी, म्हणजे बेट लावणाऱ्यांनी, आधीच पैसे लावलेले असतात. मागच्या रेसचे आकडे त्याच्याकडे आहेत तसे सगळ्यांकडेच आहेत, मग वेगळं काय निघणार? फेव्हरेट, म्हणजे सगळ्यांत जास्त पैसे लागलेला घोडा, साधारण तीनातली एक रेस जिंकतो. तरीही दर रेसला डोळे मिटून फेव्हरेटवर लावत गेलं की खिसा हलका होतोच, कारण टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे) जमलेल्या पैशांतून आयोजकांचा आणि कराचा वाटा आधी कापला जातो. विन-प्लेसला (घोडा पहिला किंवा पहिल्या काहींत येईल अशा बेटला) तो कमी असतो, ट्रायफेक्टासारख्या (पहिले तीन क्रमाने ओळखायच्या) बेटना जास्त. बऱ्याच देशांत ढोबळ मानाने १५ ते २५ टक्के. म्हणजे चार लोकांपेक्षा थोडं बरं कळून भागत नाही, तो कापलेला वाटा भरून निघेल इतकं बरं कळावं लागतं.

तरी मी ते ठेवलं, ते वेळेच्या हिशेबासाठी.

नुसती वेळ फसवी असते. १२०० मीटर ७२ सेकंदांत धावलेला घोडा चांगला की ७३ सेकंदांत धावलेला, हे त्या दिवशीचा ट्रॅक कसा होता ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. पावसाने जड झालेल्या ट्रॅकवरचे ७३ कडक ट्रॅकवरच्या ७२ पेक्षा सरस असू शकतात. सॉफ्टवेअर प्रत्येक अंतराची आणि क्लासची एक सर्वसाधारण वेळ धरतं, त्या दिवशीच्या सगळ्या रेस तिच्यापेक्षा किती हळू किंवा जलद झाल्या ते बघतं आणि तेवढा फरक काढून प्रत्येक घोड्याला एक आकडा देतं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत असेच वेगाचे आकडे, बायर स्पीड फिगर, १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या रेसच्या वर्तमानपत्रात छापून येतात, आणि एकदा आकडा छापला की तो भावात (जिंकल्यावर एकाला किती मिळणार त्यात) उतरतो. त्यामुळे तयार आकड्यात आता फारसं काही उरलेलं नाही. या सॉफ्टवेअरमध्ये मात्र दिवसाचा फरक रेसनिहाय उघडून बघता येतो. दुपारी मध्येच सर आली, तर पहिल्या तीन रेसना एक फरक आणि पुढच्यांना दुसरा, असं हाताने तोडता येतं. छापील आकड्यात हे झालंय की नाही ते कळायला मार्ग नसतो.

यातच एक खोट आहे. हरलेल्या घोड्याची वेळ काढताना प्रोग्राम एक लेंग्थ (घोड्याची लांबी, हरण्याचं अंतर यात मोजतात) म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, हा जुना ठोकताळा वापरतो. करून बघा: १२०० मीटर ७२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. लेंग्थ सुमारे २.४ मीटर धरली तर ती कापायला ०.१४ सेकंद लागतात, ०.२० नव्हे. दहा लेंग्थने हरलेल्या घोड्याच्या खात्यावर अर्ध्या सेकंदाहून जास्त अन्याय होतो. सेटिंगमध्ये हा आकडा बदलता येतो, पण मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

पेसचा नकाशा, म्हणजे रेसमध्ये कोण पुढे पळणार आणि कोण मागून येणार याचा अंदाज, हा दुसरा कामाचा भाग. एक उदाहरण देते. एक घोडी होती, मागच्या तीन धावांत सातवी, पाचवी, आठवी. कागदावर बघणारा कोणीही तिच्यावर काट मारेल. पण शेवटच्या धावेचे टप्पे उघडले तर पहिले ६०० मीटर भलतेच जलद गेलेले दिसले. ती आणि आणखी दोघं पुढे एकमेकांना भिडलेली, आणि शेवटच्या सरळ टप्प्यात तिघंही दमून मागे पडली. जिंकला तो अगदी मागून आलेला घोडा. आता नव्या रेसचा नकाशा बघा: पुढे पळणारी ती एकटीच, बाकी सगळे मागून येणारे. सॉफ्टवेअरने तिला जिंकण्याचे १४ टक्के दिले, म्हणजे रास्त भाव जेमतेम एकाला सहा. बोर्डावर होता एकाला नऊ. लावले. ती शॉर्ट हेडने, म्हणजे अगदी थोडक्यात, दुसरी आली, विनचे पैसे गेले. तसाच नकाशा आणि तोच भाव पुन्हा मिळाला तर पुन्हा लावीन. सॉफ्टवेअरचा उपयोग तो हाच: घोडा किती टक्के आणि बोर्ड किती देतोय, एवढी तुलना. दोन्ही जुळत असतील तर रेस सोडून द्यायची. बहुतेक रेस अशाच सुटतात, ज्यांना दर रेसला काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना हे रुचणार नाही.

टक्क्यांबद्दल एक गोष्ट कंपनी नीट सांगत नाही. ‘बाजारभावासह’ नावाचं एक बटण तीन मेन्यू आत दडवलंय. ते चालू केलं की मॉडेलचा अंदाज आणि लोकांचा भाव एकत्र करून टक्के निघतात. बिल बेंटर हाँगकाँगच्या रेसवर संगणकाच्या मॉडेलने खेळत, त्यांनी १९९४ च्या लेखात हीच युक्ती मांडली होती. लोकांच्या पैशात अशी माहिती असते जी आकड्यांत येत नाही: पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) घोडा कसा दिसतोय, सकाळच्या सरावात कसा पळाला, तबेल्यातून काय कानावर आलंय. बटण चालू केल्यावर अचाट भावाचे ‘सापडलेले’ घोडे निम्म्याहून जास्त गायब होतात. बंद ठेवून जे भरमसाट व्हॅल्यू (रास्त भावापेक्षा जास्त मिळणारा भाव) दिसतं, ते बऱ्याचदा मॉडेलचं अज्ञान असतं.

‘सिस्टीम शोधा’ या भागापासून मात्र लांब राहा. जाहिरात सगळी त्याचीच आहे. अंतर, ड्रॉ (सुटताना मिळालेली जागा), जॉकी, वजन, किती दिवसांनी धावतोय, ब्लिंकर (डोळ्यांच्या झापडी) पहिल्यांदाच की नाही, अशा गाळण्या लावत गेलात की जुन्या रेसमध्ये नफा देणारं काहीतरी सापडतंच. न सापडलं तरच नवल. त्यातून तो नफा मोजला जातो शेवटच्या भावावर, जो बेट लावताना तुमच्या हातात नसतो. टोटवर संगणकाने खेळणाऱ्या टोळ्यांचा मोठा पैसा अगदी शेवटच्या मिनिटाला पडतो आणि घोडे सुटल्यावरही बोर्ड हलताना दिसतो. आठ दिसत होता तो पाचला बंद होतो. वापरायचंच असेल तर जुन्या वर्षांवर नियम शोधा, नंतरच्या वर्षांना हात न लावता त्यांवर तपासा, आणि भाव दोन पायऱ्या कमी धरा. एवढं केल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखी एकही सिस्टीम उरली नाही.

किती लावायचं ते सांगणारा भाग केली (Kelly) या संशोधकाच्या १९५६ च्या सूत्रावर चालतो. गणित चोख आहे, पण तुमचे टक्के बरोबर आहेत हे ते गृहीत धरतं. कंपनीने मूळ सेटिंग सूत्राने निघेल ती पूर्ण रक्कम लावायचं ठेवलंय, हे मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्याच्या पावच लावा.

बारीक तक्रारी बऱ्याच आहेत. घोडा विथड्रॉ झाला, म्हणजे रेसमधून काढून घेतला, तर यादीतून जातो, पण पेसचा नकाशा आपोआप बदलत नाही, ‘पुन्हा मोजा’ दाबावं लागतं. पुढे पळणाराच निघून गेला असेल तर जुना नकाशा बघून लावणारा फसणार. ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी, असेल तर मिळणारी वजनाची सूट धरली जात नाही. पहिल्यांदा धावणाऱ्या घोड्यांना सरसकट सारखेच टक्के मिळतात, त्यामुळे अशा रेस मी उघडतच नाही. स्वतःच्या नोंदी लिहायला जागा दिलीय, पण प्रिंटमध्ये त्या येत नाहीत. रिप्ले बघून ‘गेटमधून उशिरा निघाला’, ‘रेलवर अडकला, वाट मिळाली नाही’ असं लिहिलेलं निम्मं तरी उपयोगी पडतं, आणि नेमकं तेच कागदावर नसतं.

आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी रिप्ले आणि आकड्यांना द्यायची तयारी असेल तर घ्या. रोज सकाळी तयार नावं हवी असतील त्यांना याचा उपयोग नाही. मी पुढच्या मोसमाची वर्गणी भरलीय, टिप्सचं जादा पॅकेज मात्र काढून टाकलं. सध्या पाचपैकी साडेतीन स्टार, विथड्रॉवलचं दुरुस्त केलं तर चार करीन.