गाय की म्हैस : टीकिंटरची रेडिओ बटणं आठ महिने वापरल्यावर

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी पायथनमध्ये, त्यातल्या टीकिंटर या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनाने, नोंदींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्याला आता आठ महिने झाले. सकाळी सहाला आणि संध्याकाळी, रोज दोन वेळा तो चालतो. पडद्यावर लिटर, फॅट आणि एसएनएफचे (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) रकाने आहेत आणि रेडिओ बटणांचे, म्हणजे ज्यांतलं एका वेळी एकच निवडता येतं अशा गोल बटणांचे, दोन गट : गाय-म्हैस, सकाळ-संध्याकाळ. बाकीचा प्रोग्राम दोन रविवारांत झाला. या चार बटणांवर मात्र मी अजून काम करतोय.

पहिली चूक गटाच्या समजुतीतच होती. मला वाटायचं, एका चौकटीत ठेवली की बटणं एका गटाची. टीकिंटरमध्ये चौकटीला काही अर्थ नाही. ज्या बटणांना एकच व्हेरिएबल, म्हणजे निवड साठवून ठेवणारी जागा, दिलंय ती एका गटाची, मग ती खिडकीच्या दोन टोकांना का असेनात. आणि व्हेरिएबल द्यायलाच विसरलात, तर 'सिलेक्टेडबटन' नावाचं एकच व्हेरिएबल सगळ्यांच्या गळ्यात पडतं. माझे दोन्ही गट तसे एक झाले होते. 'म्हैस' दाबलं की 'सकाळ'वरचा ठिपका जायचा, आणि मी तासभर मांडणीत चूक शोधत बसलो होतो. पुढे व्हेरिएबल दिलं, पण फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एका तुकड्याच्या, आत. फंक्शन संपलं की पायथनने ते पुसलं आणि खिडकी उघडताना आधी निवडलेला ठिपका गायब. ते 'सेल्फ'ला, म्हणजे फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या ऑब्जेक्टला, बांधून ठेवल्यावर हा त्रास संपला.

केंद्रावर नोंदी घेणाऱ्या वहिनींना मी जुन्या टेपरेकॉर्डरचं उदाहरण दिलं : एक बटण दाबलं की आधीचं टक्कन वर येतं. रेडिओ बटण हे नावही जुन्या मोटारींच्या रेडिओवरून आलंय, त्यात स्टेशनची बटणं अशीच असायची. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

आता खरा मुद्दा. सुरुवातीला कोणतं बटण निवडलेलं असावं? केंद्रावर गाईचं दूध जास्त येतं म्हणून मी 'गाय' आधीच निवडून ठेवली होती. दहा दिवसांचं बिल निघालं आणि शेजारचे एक काका थेट घरी आले. "अरे, माझ्या गोठ्यात गाय कुठं बघालास तू? म्हशीचं दूध घालालोय मी, दर गाईचा का लावलास?" वही काढून बघितलं तर त्यांच्या पाच नोंदी गाईच्या खात्यात. साडेसहा फॅटचं दूध गाय म्हणून नोंदलं गेलं आणि प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. फरक पुढच्या बिलात दिला, पण त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे : जिथे निवडीवर कुणाचे पैसे ठरतात, तिथे गट रिकामाच उघडावा. सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून आपोआप निवडलं तर हरकत नाही. गाय की म्हैस हे माणसानेच सांगायला हवं.

रिकामा ठेवायला गेलो तर दुसरंच निघालं. व्हेरिएबलमध्ये रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, घातली की टीकिंटरच्या साध्या 'टीके' प्रकारच्या बटणांत दोन्हींवर खूण दिसायची. वहिनी म्हणाल्या, दोन्ही निवडली गेलीत. कारण 'ट्रायस्टेटव्हॅल्यू' नावाचा पर्याय मुळातच रिकामी स्ट्रिंग असतो, आणि व्हेरिएबलची किंमत, म्हणजे त्यात साठवलेला मजकूर, त्याच्याशी जुळली की बटणं 'ना होय, ना नाही' अशा तिसऱ्या अवस्थेत जातात. तो पर्याय बदलता येतो. मी टीकिंटरमधलीच दुसरी, 'टीटीके' प्रकारची बटणं घेतली, त्यांत रिकामी स्ट्रिंग म्हणजे खरोखर काहीच निवडलेलं नाही. जोडीला एक नियम घातला : गाय-म्हैस ठरल्याशिवाय 'नोंद करा' बटण दाबलंच जात नाही आणि प्रत्येक नोंदीनंतर गट पुन्हा रिकामा होतो. रांगेत प्रत्येकामागे एक कळ वाढली. वहिनी आधी कुरकुरल्या, आठवड्याने सवय झाली.

पावसाळ्यात ओल्या हातांनी माऊस धरवेना, म्हणून एफ २ ला गाय आणि एफ ३ ला म्हैस जोडली. इथे सगळ्यात वाईट चूक झाली. कळ दाबल्यावर मी नुसतं व्हेरिएबल 'सेट' करत होतो. ठिपका म्हशीवर जायचा, दर मात्र आधीचाच राहायचा. बटणाला दिलेली 'कमांड', म्हणजे ते दाबल्यावर करायचं काम, कुणी बटण दाबलं तरच चालते, कोडमधून किंमत बदलली तर चालत नाही. पडदा एक सांगतोय आणि हिशोब दुसरंच करतोय, याहून वाईट काय असणार! वहिनींच्या लक्षात दुसऱ्याच दिवशी आलं, म्हणून निभावलं. बटणाचं 'इन्व्होक' वापरलं की निवड आणि कमांड दोन्ही होतात. मी त्याच्याही पुढे जाऊन दर काढण्याचं काम 'ट्रेस_अ‍ॅड'ने व्हेरिएबललाच बांधलं. किंमत कुठूनही बदलो, दर बदलणारच. नव्याने लिहिणाऱ्याने सुरुवातच इथून करावी.

मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे बटणावरचा मजकूर आणि आतली किंमत वेगळी असते. आमच्याकडे कुणी मराठी वाचतं, कुणी कन्नड. 'गाय'च्या जागी 'हसू', 'म्हैस'च्या जागी 'एम्मे' असं नुसतं मजकूर बदलून होतं, निवड हलत नाही आणि जुन्या नोंदींनाही धक्का लागत नाही. केंद्रावरच्या विंडोजमध्ये निर्मला फॉन्टवर दोन्ही लिप्या नीट दिसतात. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र 'लिटर'ची वेलांटी 'ल'च्या मागे जाऊन बसते आणि 'म्हैस'चं जोडाक्षर फुटतं. तिथे मी फक्त कोड लिहितो, पडदा केंद्रावर जाऊनच तपासतो.

गावातल्या वाड्यांची नावंही आधी रेडिओ बटणांत होती, चौदा ठिपके एकाखाली एक. ती काढून खाली उघडणारी यादी केली. चार-पाचांच्या पुढे ही बटणं नकोतच.

सध्या तिसरं बटण मागितलं जातंय, 'मिश्र'. दोन्ही जनावरं असलेले काहीजण एकाच किटलीत दूध आणतात. कोडमध्ये ती एका ओळीची भर आहे, तेच व्हेरिएबल आणि नवी किंमत. पण मिश्र दुधाचं दरपत्रक अजून ठरलेलं नाही, म्हणून ते बटण मी करड्या रंगात, न दाबता येईल असं ठेवलंय. पंचांची बैठक पुढच्या सोमवारी आहे.