टप्प्यांच्या शर्यतीत माउंटन बाइक आधी कुठे झिजते: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायकल अशी: २९ इंची चाकं, पुढे-मागे १२० मिमी सस्पेन्शन, पुढे ३२ दात्यांची एकच चेनरिंग, मागे १० ते ५१ दात्यांची बारा-स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेचक्रांचा संच), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर. वापर आठ महिन्यांचा, त्यात सराव आला आणि अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीही. कोणती कंपनी चांगली यात शिरत नाही. काय आधी जातं, का जातं आणि रोज संध्याकाळी काय तपासायचं, ते लिहितो.

मत आधीच सांगतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलला कोरं सामान चढवणं ही महागात पडणारी हौस आहे. कोरी चेन जुन्या कॅसेटवर उडते, न बसलेले ब्रेक पॅड पहिल्याच उतारावर हवे तसे धरत नाहीत, नुकत्याच चढवलेल्या ट्यूबलेस टायरच्या बाजूंमधून पहिले काही दिवस हवा झिरपू शकते, नवी गिअर केबल बसेपर्यंत गिअर हलत राहतो. जे बदलायचं ते किमान दोन आठवडे आधी, आणि त्यावर सहा-आठ तास खडबडीत वाटेवर काढूनच निघायचं.

चेनपासून सुरुवात, कारण बाकीची झीज तिच्यामागून येते. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचा कड्यांचा आतला भाग घासला जातो आणि दोन कड्यांमधलं अंतर वाढतं. मग चेन दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि दातेही खाते. बारा-स्पीडला झीज ०.५ टक्क्यावर आली की चेन बदलावी. २४ कड्यांच्या ३०४.८ मिमी लांबीत ही वाढ जेमतेम दीड मिलिमीटर असते, डोळ्याला दिसत नाही. मोजपट्टी लागतेच, आणि चेन पुसून तीन-चार ठिकाणी मोजायची. किलोमीटरचा हिशेब इथे फसवतो. कोरड्या वाटेवर महिनोन्‌महिने चालणारी चेन ओल्या वाळूच्या दोन टप्प्यांत संपू शकते.

पहिल्या दिवसापासून दोन चेन आलटून-पालटून वापरणं हा आम्हांला सर्वांत पटलेला उपाय. दोन्ही कॅसेटबरोबरच झिजतात, त्यामुळे ऐनवेळी बदलली तरी उडत नाही. फक्त बारा-स्पीडची क्विक लिंक (चेन जोडणारी सुटी कडी) बनवणारे एकदाच वापरायला सांगतात, म्हणून जादा दोन-तीन लिंक हव्यातच. एक खिशात, बाकीच्या सामानात. हलक्या कॅसेटमध्ये सर्वांत मोठे एक-दोन दातेचक्र ॲल्युमिनियमचे असतात. चढावर तेच सगळ्यांत जास्त वापरले जातात आणि तेच मऊ. त्या चक्रांवर चेन करकरायला लागली की आधी दाते बघा, नंतर केबलचा स्क्रू.

वंगणाचं गणित हवेवर अवलंबून आहे. धुळीत ओलसर तेल म्हणजे चेनला लावलेली पॉलिशपेस्टच. कोरड्या हवेत मेण उत्तम, पण ओढे ओलांडले की ते निघून जातं आणि रात्रीतून गंज दिसतो. थेंबाचं मेण संध्याकाळीच लावायचं, त्यातलं पाणी उडायला काही तास लागतात. सकाळी रांगेत उभं राहून लावलेलं मेण पहिल्या चढालाच बाहेर. तेल लावत असाल तर प्रत्येक रोलरला एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरून कोरडं पुसायचं.

गिअर एका टोकाला नीट आणि दुसऱ्या टोकाला खराब पडत असेल तर केबल पिळत बसू नका. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्याच फ्रेमचा जादा हँगर न्यावा, दुसऱ्याचा बसेलच असं नाही.

ब्रेक पॅडबद्दल लोक दोन तट पाडतात. आमचा अनुभव असा: रेझिन पॅड शांत, थंड असतानाही चांगले धरतात, पण चिखलात एका दिवसात पत्र्यापर्यंत जाऊ शकतात. धातुमिश्रित पॅड ओरडतात, कॅलिपरकडे (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाकडे) उष्णता जास्त पोचवतात, पण टिकतात. पावसाची शक्यता असेल तर धातूचेच, मात्र रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) ‘फक्त रेझिन पॅड’ असं छापलेलं नाही ना ते बघून. शिमानोच्या पॅडचा थर ०.५ मिमीवर आला की तो संपला. पण दुसऱ्या दिवशी लांब उतार असेल तर १ मिमीलाच बदललेला बरा. त्यांचे नवे रोटर १.८ मिमी जाड असतात, १.५ ला टाकून द्यायचे. मर्यादा रोटरवरच कोरलेली असते.

पॅड बदलताना होणारी नेहमीची चूक म्हणजे चिखल लागलेले पिस्टन तसेच आत ढकलणं. कण सीलमध्ये अडकतो आणि पिस्टन अडखळायला लागतो. आधी पिस्टनच्या कडा पुसा, मग ढकला. नवे पॅड बसवायला मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा हळू करायचं, चाक न अडकवता. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नये हे माहीत असूनही शर्यतीच्या तंबूत रोज कुणीतरी दाबतंच.

टायरमध्ये वजन वाचवणं आम्ही सोडून दिलं. काट्याने नव्हे, बाजू फाटल्याने शर्यत जाते, आणि जाड बाजूच्या टायरचं शे-दीडशे ग्रॅम जादा वजन निदान मागच्या चाकाला तरी सोसावं. २.३५ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव). ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, उन्हाळ्यात त्याआधी. चाक हलवून आत डुचमळल्याचा आवाज येत नसेल तर सीलंट संपलंय. हवा भरताना पंप जड जात असेल पण दाब वाढत नसेल तर व्हॉल्व्हचा कोअर सीलंटने चोंदलेला असतो. दोन जादा कोअर नखाएवढी जागा घेतात. भोक प्लगने भरत नसेल तर आतून ठिगळ आणि ट्यूब. पण ट्यूब घालण्याआधी टायर आतून हाताने चाचपून सगळे काटे काढा. सीलंटने महिनाभर झाकून ठेवलेले काटे ट्यूबला पाच मिनिटांत भोकं पाडतात.

सस्पेन्शनचं थोडक्यात. रॉकशॉक्स कंपनी फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) खालच्या पायांचं तेल ५० तासांनी बदलायला सांगतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकसारख्या शर्यतीत प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) आणि सात टप्पे, म्हणजे रोजचे पाच-सहा तास धरले तर तो काळ एका शर्यतीतच जवळपास संपतो. म्हणून सर्व्हिस आधी करायची, परत आल्यावर नव्हे. रोज फक्त नळ्या आणि सील पुसा. सीट धरून मागचं चाक किंचित उचला. टक् असा झटका हाताला लागला तर मागच्या शॉकची बुशिंग किंवा पिव्हटचा (फ्रेमच्या हलत्या सांध्याचा) बोल्ट ढिला.

धुताना जोराच्या फवाऱ्याचं तोंड हब (चाकाचा मध्य), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा) आणि हेडसेटकडे (हँडल फिरतं तो सांधा) नको. बेअरिंग वापराने कमी, अशा धुण्याने जास्त मरतात. फ्रीहबला (कॅसेट जिच्यावर बसते त्या मागच्या हबच्या भागाला) घट्ट ग्रीस भरू नये, थंडीत आतले पॉल (चाकाला ओढणारे खटके) चिकटून पेडल मोकळं फिरतं.

जोडीने शर्यतीत उतरत असाल तर दोन्ही सायकलींचे पॅड, चेनचं स्पीड आणि टायरचा आकार एकच ठेवा. जादा सामान निम्म्यावर येतं, आणि वाटेत एकाच्या बॅगेतलं दुसऱ्याला चालतं.