भरती अकॅडमीतले सात महिने: मैदान झकास, फॉर्म मात्र स्वतः भरा

अकॅडमीचं नाव लिहीत नाही. माझे डिपॉझिटचे दोन हजार अजून त्यांच्याकडं अडकलेत, आणि नाव छापून ते लवकर सुटतील असं काही वाटत नाही. तसंही लातूर, नांदेड, परभणी, कुठंही जा, फ्लेक्सवर वर्दीतले फोटो आणि खाली ‘पोलीस, आर्मी, सीआयएसएफ, सीआरपीएफ, बीएसएफ’ अशी रांग लावणाऱ्या अकॅडम्या थोड्याफार फरकानं सारख्याच. त्या रांगेतच खरी गोम आहे. ती पुढं सांगते.

आमचं गाव चाकूरच्या पलीकडं. चाकूरला बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर असल्यानं वर्दी लहानपणापासून बघत आले. पण मला सीआयएसएफच, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलच, पाहिजे होतं. मामेभाऊ कामाला दुबईला निघाला तेव्हा त्याला सोडायला आम्ही सगळे हैदराबादच्या विमानतळावर गेलो होतो. गेटवर तिकीट बघणारी एक जवान ताई होती. रांगेतले एक म्हातारबाबा घेरी येऊन बसले. बाकीचे लोक मोबाईल काढायलेत, तवर तिनं त्यांना आडवं केलं, पाय बॅगेवर उचलून ठेवले, वायरलेसवर बोलली आणि गर्दी मागं सारली. दोन मिनिटांत झालं सगळं. घरी येताना मी आईला म्हणलं, मला हे करायचंय. आई म्हणली, ‘पोलिसात जा की, जिल्ह्यातच राहशील.’

सीआयएसएफ १९६९ मध्ये उभं राहिलं ते सरकारी कारखाने राखायला. विमानतळ त्यांच्याकडं आले ते कंदहारच्या अपहरणानंतर, २००० पासून. केंद्राच्या सशस्त्र दलांत स्वतःची फायर विंग असलेलं दल हे एकच. म्हणजे बंदूक आहेच, पण आग आहे, गॅसगळती आहे, कोसळलेला माणूस आहे. इथून डेप्युटेशनवर एनडीआरएफमध्ये, म्हणजे आपत्तीत बचावाला धावणाऱ्या दलातही जाता येतं. फ्लेक्सवर यातलं काहीच नसतं, फक्त गॉगल आणि बंदूक.

आता अकॅडमी. हॉस्टेल आणि मेस धरून महिन्याला ७,५००. शहराबाहेर रिंगरोडच्या पुढं पत्र्याचे दोन शेड, एक स्लॅबची इमारत आणि मागं मैदान. मुलींना दहा बाय बाराच्या खोलीत सहाजणी. पाणी टँकरचं, सकाळी साडेचारला बादलीचा नंबर लागतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे, त्यामुळं पाण्यावरून मी भांडणार नाही. अंड्यांवरून भांडेन. प्रवेश घेताना रोज दोन अंडी सांगितली होती, प्रत्यक्षात सोमवार आणि गुरुवार. वरणात डाळ शोधावी लागते. पण मेसच्या मावशींची ज्वारीची भाकरी पातळ आणि गरम, आणि शनिवारी चुरमुऱ्यांची सुशीला असते. ती चुकवू नका.

मैदानाला पाचपैकी पाच. खोटं कशाला बोलू. मैदानावरचे सर स्वतः धावलेले आहेत, शिट्टी वाजवून खुर्चीत बसणारे नाहीत. पहिल्या दिवशी मला सोळाशे मीटरला ११ मिनिटं ४० सेकंद लागली आणि शेवटी कडुनिंबाखाली उलटी केली. सर मागून ओरडले, ‘हात कशाला हलवायलीस? पाण्यात बुडायलीस का?’ मग त्यांनी चार फेऱ्यांचे चार हिशेब शिकवले. पहिली फेरी मन मारून हळू, दुसरी-तिसरी एका लयीत, चौथीत जे उरलंय ते सगळं. पाचव्या महिन्यात मी ७ मिनिटं ५२ सेकंदांवर आले. एवढंच की, बूट त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे, १,४५० रुपये, आणि दीड महिन्यात तळ सुटला. पायाच्या नळ्या भरून आल्या त्या त्या बुटांमुळंच. तुम्ही बूट बाहेरून आणा आणि सक्तीला सरळ नाही म्हणा. माझ्यानंतर आलेल्या दोघींनी तसं केलं, कुणी काही बोललं नाही.

आता ती गोम. ही अकॅडमी चालते पोलीस भरतीच्या हिशेबानं. राज्याच्या पोलीस भरतीत आधी मैदान, त्याचे ५० गुण, आणि तिथून निवड होऊन मग लेखी. म्हणून तिथं प्रत्येक सेकंदाला किंमत. सीआयएसएफला कॉन्स्टेबल जीडीतून, म्हणजे केंद्राच्या दलांच्या एकत्र शिपाई भरतीतून, जाताना सगळं उलटं आहे. आधी कॉम्प्युटरवरची लेखी, ८० प्रश्न, १६० गुण, ६० मिनिटं, चुकलं की पाव गुण कट. त्यात निघालात तरच मैदानाचं बोलावणं. आणि मुलींसाठी मैदान म्हणजे १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. आत आलात की पास. त्याला गुण नाहीत! मी ८:२५ वरून ७:५२ वर यायला दोन महिने रक्त आटवलं आणि त्याचा गुणपत्रिकेवर उपयोग शून्य. तेवढ्या वेळात गणित सुधारलं असतं. गोळाफेक तर आम्हाला लागतच नाही, तरी रोज अर्धा तास चार किलोचा गोळा. मी एकदा विचारलं तर ऑफिसातले म्हणले, ‘सगळ्यांचं सगळं होतंय ना, मग कटकट कशाला?’

लेखीचा वर्ग म्हणजे एक प्रोजेक्टर, दीडशे पोरं आणि पोलीस भरतीचंच पुस्तक. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट. पण चौथा भाग हिंदी किंवा इंग्रजी यातूनच निवडावा लागतो. त्या वीस प्रश्नांचा तास सात महिन्यांत एकदाही झाला नाही. हिंदी काय येतंच की, असं सगळे म्हणायचे. सिनेमाची हिंदी येते हो. वर्तनी आणि मुहावरे सिनेमात नसतात.

फॉर्मचं ऐका. ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठलं दल आधी पाहिजे याचा क्रम भरायचा असतो. अकॅडमीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं सत्तर पोरांचे फॉर्म एका बैठकीत भरले, सगळ्यांना एकच क्रम, बीएसएफ पहिलं. मला प्रिंट हातात आल्यावर कळलं. सीआयएसएफ माझ्या यादीत चौथं! भांडले तर म्हणाला, ‘आधी लागा तर खरं, मग दल बघू.’ दीडशे रुपये सर्व्हिस चार्ज वर. चूक माझीपण आहे, मी शेजारी बसायला पाहिजे होतं. तुम्ही बसा, किंवा सरळ स्वतः भरा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग सात महिने राहिलीस कशाला. राहिले ते रविवारच्या तासासाठी.

रविवारी सकाळी दहाला एक काका यायचे. सीआयएसएफच्या फायर विंगमधून हवालदार म्हणून निवृत्त, मुंबईकडच्या खत कारखान्यावर बरीच वर्षं काढलेली. मूळचे किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते शाळकरी पोर होते. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंतींवरची माळवदं अंगावर आली. काका त्यावर जास्त बोलायचे नाहीत. एकदाच म्हणले, ‘आम्ही माणसं हाताला धरून ओढून काढायलो. मान मोडलेल्याला कसं उचलावं, कुणालाच ठाव नव्हतं.’

हा तास परीक्षेत येत नाही, म्हणून दीडशेपैकी वीस-बावीसजण बसायचे. काका आल्याआल्या विचारायचे, ‘वारं कुणीकडून?’ धान्य उफणताना बघता तसं मूठभर माती सोडून बघायची. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून वाऱ्याला आडवं निघायचं आणि उंचावर चढायचं. घरचा गॅससुद्धा जड, फरशीवर बसतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं उघडी, आणि लाइटचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. पेटलेल्या तेलावर पाणी नाही, झाकण. विहिरीत एकजण बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघंही जातात, हे आमच्याकडं दर दोन-चार वर्षांनी पेपरात येतंच. काका म्हणायचे, ‘पहिलं स्वतःला वाचव. तू पडलीस तर मला दोघं उचलावी लागतील.’

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला श्वास देणं, ते शिकायला पुतळा नव्हता. त्यांनी पोत्यात सोयाबीनचं भुसकट ठासून छाती बनवली होती. छातीच्या मध्यभागी तळहात, कोपरं ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२०. तीस दाब, दोन श्वास. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून माणूस बदलायचा. मी धावण्यात पहिली होते, पण पोत्यावर माझे दाब तिसाव्या सेकंदाला ढिले पडायचे. काका पट्टी लावून मोजायचे.

आणि टँकर. एका रविवारी त्यांनी आम्हाला हायवेच्या कडेला नेलं आणि टँकरच्या पाठीवरच्या पाट्या वाचायला लावल्या. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. अंकांच्या वर जो कोड असतो त्यात शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासचे लोक हलवायचा विचार करायचा. तेव्हापासून एसटीत खिडकीपाशी बसले की माझं तेच चालू असतं. आई म्हणते, पोरगी गाड्यांचे नंबर बडबडायली.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांना घरी गेले होते. चुलते दुपारी सोयाबीनवर अळीचं औषध फवारून आले आणि ओट्यावर बसले ते उठेनात. तोंडातून लाळ, घामानं अंग चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गल्लीतले म्हणले, मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊ द्या. एकानं तांब्या आणलासुद्धा. मी तांब्या हातातून घेतला. सगळ्यांदेखत चुलत्यांचा शर्ट काढायचा मला संकोच होता, खोटं का सांगा, पण काढला. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून साबणानं अंग, केस धुतले. कुशीवर निजवलं, १०८ ला फोन, आणि औषधाची बाटली लेबलसकट पिशवीत घातली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, औषध कुठलं. त्या विषावरचं अॅट्रोपिन चालू झालं. पाचव्या दिवशी चुलते घरी. आता ते बायकोपेक्षा मला जास्त भितात, फवारायला जाताना मास्क दाखवून जातात.

हे मी परत येऊन काकांना सांगितलं. शाबासकी मिळेल वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘तू हात कशानं धुतलेस?’

दिवाळीनंतर रविवारचा तास बंद झाला. ऑफिसनं तिथं पोलीस भरतीची टेस्ट सिरीज लावली. काकांना मानधन परवडत नाही म्हणे, आणि ते किती होतं ते मला ठाऊक आहे, फेरीला पाचशे रुपये. मी आणि आणखी चौघी ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं की त्या तासानं सिलेक्शन वाढत नाही. बरोबर आहे, वाढत नाही. वेळ अमावस्येला मी घरी शेतात आंबील-भज्जी खाऊन दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा भुसकटाचं पोतं स्टोअरच्या मागं पावसात भिजल्यासारखं पडलेलं दिसलं. मी ते खोलीत आणून ठेवलं. खोलीतल्या बाकीच्या पाचजणींनी त्यावरून माझं डोकं खाल्लं.

माझा निकाल: लेखीत कमी पडले. मैदानाचं बोलावणं आलंच नाही, ते ७:५२ कुणाला दाखवलंच नाही. सगळ्यात जास्त कुठं गेले तर हिंदीत.

तर पाचपैकी तीन. तुम्ही पोलीस भरती करणार असाल तर डोळे झाकून जा, मैदान असं दुसरीकडं क्वचित मिळेल. सीआयएसएफ किंवा कुठलंही केंद्राचं दल पाहिजे असेल तर मैदानाला तीन महिने बास, बाकी वेळ घरी बसून गणित आणि हिंदी करा. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर शोधून काढा, ‘सी’ला पाच टक्के बोनस गुण मिळतात. हे मला अकॅडमीत कुणी सांगितलं नाही, माझ्याकडं कॉलेजातलं ‘बी’ पेटीत पडून होतं, त्याचे तीन टक्के मी फॉर्ममध्ये मागितलेच नाहीत. कॉन्स्टेबल फायरची भरती वेगळी निघते, बारावी सायन्स लागतं, पण मी बघितलेली जाहिरात फक्त मुलांसाठी होती. पोरांनो, बघा. आणि पोरींनो, नोव्हेंबर २०२४ मध्ये सीआयएसएफच्या पहिल्या महिला बटालियनला मंजुरी मिळालीय, १,०२५ जणींची. माझं वय अजून बसतंय. मी पुन्हा बसणार आहे, फॉर्म स्वतः भरून.

काका आता गावातच असतात. अधूनमधून चाकूरला येतात, तेव्हा आमच्या ओसरीवर आठ-दहाजणी जमतो. पोतं मी आणलंय. डिपॉझिटचं विचाराल तर गेल्या आठवड्यात पाचव्यांदा फोन केला, म्हणले, मॅडम मार्चएंड होऊ द्या.